क्रेप कागदाची फुलं चार दिवसांत मान टाकतात. वरून वार्निशचा स्प्रे मारला तर शोकेसमध्ये टिकतील का?

नका मारू.

एवढंच लिहून थांबणार होते. पण ‘स्प्रे’ शब्द वाचला आणि २०१८ चा गणपती आठवला.

थर्माकोलबंदीचं ते पहिलं वर्ष. मार्चमध्ये बंदी आली, सजावटीपुरती सूट मागायला थर्माकोलवाले हायकोर्टात गेले, तिथेही मिळाली नाही. आमच्या गिरगावच्या घरी तोवर दरवर्षी तयार मखर यायचं. त्या वर्षी मी म्हटलं, कमान पुठ्ठ्याची करू, वर जास्वंदी मी करते. सासूबाई म्हणाल्या, ‘‘देवाला खोटी फुलं?’’ म्हटलं, वाहायला खरीच आणू, ही नुसती कमानीला.

५१ जास्वंदी. श्रावणापासून रोज रात्री ओटा आवरला की बसायचे. एका फुलाला पाऊण तास. लोकांना वाटतं, पाच लाल पाकळ्या चिकटवल्या की झाली जास्वंद. एकदा खरं फूल हातात घेऊन बघा. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर असते आणि दुसरी कड पलीकडचीच्या खाली, पाचही एकाच दिशेने. एक जरी उलटी बसली तर फूल गिरकी घेत नाही, नुसतं फाकतं. मधल्या तुऱ्यासाठी तारेला लाल पट्टी गुंडाळायची, वरच्या अर्ध्या भागाला गोंद लावून हळद घातलेल्या बारीक रव्यात लोळवायचं. टोकाला गोंदाने ताठ केलेले पाच दोरे, प्रत्येकाच्या शेंड्यावर लाल ठिपका. हे पाच ठिपके कमानीवर कोणाला दिसणार होते? कोणालाच नाही. तरी मी ते केले.

माझ्या थोरल्या दिरांचं आयुष्य रंगकामाच्या धंद्यात गेलं. ते आले, बघितलं, म्हणाले, ‘‘हवा दमट आहे, दोन दिवसांत मऊ पडतील. क्लिअर लॅकरचा एक हात मारू.’’ (म्हणजे तुमच्या वार्निशसारखंच.) मी नको म्हटलं. दोनदा म्हटलं. हरतालिकेचा उपास होता, जागरण करायचं सोडून मी दहाला आडवी झाले, ती माझी चूक. सकाळी चतुर्थीला उठून बघते तर घरभर थिनरचा वास आणि कमानीवरची बेचाळीसच्या बेचाळीस फुलं वडापाव बांधलेल्या कागदासारखी! जिथे फवारा बसला तिथे कागद गडद आणि आरपार, बाकी लाल तसाच. अंगठ्याने दाबून दाबून पाकळ्यांना दिलेला बाक ओला होऊन सुटला होता आणि तसाच कडक वाळला होता. भाऊजी म्हणाले, ‘‘आता दहा वर्षं बघायला नको.’’ गुरुजी आठला यायचे होते, त्यामुळे मी काही बोलले नाही. अजूनही धड बोललेले नाही.

तर आता तुमचं. पाकळ्या मान टाकतात त्याला शंभरात नव्वद वेळा कारण कागदाची दिशा. क्रेपला बारीक सुरकुत्या असतात ना, त्या पाकळीत उभ्या यायला हव्यात, देठापासून टोकाकडे. कागद ताणला जातो तो त्या सुरकुत्यांना आडवा, म्हणून पाकळीच्या पोटात दोन अंगठे ठेवून बाजूंना ओढलं की वाटीसारखा खोलगट बाक येतो. तुम्ही कागद वाचवायला आडव्या कापल्या असणार. सगळेच कापतात. मग बाक येत नाही, आणि पाकळी स्वतःच्या वजनाने मोडते. आणखी एक, एकदाच ताणा. पुन्हा पुन्हा ओढलेला क्रेप ढिल्या इलॅस्टिकसारखा होतो, मागे येत नाही.

वाढदिवसाच्या झालरीचा पातळ क्रेप शोकेसच्या फुलाला घेऊ नका. फुलांसाठी १८० ग्रॅमचा जाड इटालियन क्रेप मिळतो, महाग आहे, पण तो बाक धरून ठेवतो. क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटला कागदाची, स्टेशनरीची दुकानं आहेत, तिथे हात लावून घ्या. फेव्हिकॉल पाणी घालून पातळ करू नका, क्रेपचा रंग पाण्याने फुटतो. टूथपिकच्या टोकावर मावेल तेवढाच, फक्त पाकळीच्या बुडाला. जुनी माणसं खळ वापरायची, तीही मोरचूद घालून, नाहीतर झुरळं खातात. देठाच्या तारेला हिरवी टेप गुंडाळताना ती ओढून ताणायची, ताणल्याशिवाय तिचं मेण चिकटत नाही. बाकी तुम्हाला येतच असेल.

आणि वयाचं म्हणाल (तुम्ही साठीनंतर सुरुवात केली असं लिहिलंय), तर इंग्लंडमध्ये मेरी डेलनी नावाच्या बाईंनी १७७२ च्या सुमारास, बहात्तरीत, कागद कापून फुलं करायला घेतली. जवळजवळ हजार केली, ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ती सपाट आहेत, काळ्या कागदावर चिकटवलेली, तुमच्याआमच्यासारखी उभी नाहीत. पण त्यांच्यावर लॅकर मारायला कोणी दीर आला नव्हता.

आता थोडं भाऊजींच्या बाजूनेही लिहायला हवं. मुंबईची हवा दमट आहे हे खरं, कागद ओल ओढतो हेही खरं. जूनपासून शोकेसचं दार घट्ट बंद ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, महिन्याने बदला. ऊन लागू देऊ नका, लाल फिका पडतो. आणि रव्याचं मी वर लिहिलं ते करू नका, माझ्या रव्यात पुढच्या पावसाळ्यात टोके झाले. खडूची पूड वापरा. काही जण फुलं वितळलेल्या मेणात बुडवतात, ती खरंच टिकतात, मला दिसायला आवडत नाहीत.

५१ मधली नऊ फुलं त्या रात्री खोक्यात राहिली होती, कमानीवर जागा उरली नव्हती म्हणून. ती आजही आमच्या शोकेसमध्ये आहेत, रंग थोडा विटलाय, बाक जसाच्या तसा. भाऊजी दर गणपतीला येतात, काचेवर टिचकी मारतात आणि पाहुण्यांना सांगतात, ‘‘बघा, लॅकर मारलं म्हणून टिकली.’’ त्यांचा नातू फोनवर सगळं वाचत असतो. बाळा, हे आजोबांना मोठ्याने वाचून दाखव. ती लॅकरची नाहीत. लॅकरची बेचाळीस मीच दीड दिवसाने फेकली.

तार राहिलीच. पाकळीला चोवीस नंबरची, देठाला अठराची. नंबर वाढला की तार बारीक होते, दुकानात उलटं मागू नका.