‘पानी’ बरोबर धर

नव्या बाईंना,

बाई म्हटलं म्हणून दचकू नकोस. हल्ली पोरं टीचर म्हणतात, ठाऊक आहे. पण माझ्या कानांना सवय बाईचीच. घणसोलीच्या शाळेत दुसरी मिळाली, पट 38, वर्गात नवाकोरा स्मार्ट बोर्ड, आणि रुजू झाल्याच्या दिवशीच माहिती भरायच्या तीन लिंका. आता सुरुवात कुठून करू, असं तू काल रात्री पावणेबाराला विचारलंस.

सुरुवात पावणेबाराला मेसेज न करण्यापासून कर. मला चालतं गं, पण हीच सवय पालकांच्या ग्रुपवर गेली की तुझी सुटका नाही.

बोर्डाचं सांगते. माझ्या वर्गात तो बसला तेव्हा मी हरखून जलचक्राचा व्हिडिओ लावला होता. बारा मिनिटं वर्ग चिडीचूप. मला वाटलं, जिंकलं! मग विचारलं, काय पाहिलंत? पहिल्या बाकावरची म्हणाली, ‘‘बाई, त्या आजीचे दात!’’ मध्येच टूथपेस्टची जाहिरात येऊन गेली होती. ढग, वाफ, पाऊस सगळं वाहून गेलं, दात तेवढे राहिले. तेव्हापासून व्हिडिओ घरीच उतरवायचा, त्यातला दोन मिनिटांचा तुकडा घ्यायचा आणि आवाज बंद ठेवून दाखवायचा. बोलायचं मुलांनी. मध्येच थांबवून विचारायचं, ‘‘हा थेंब आता कुठे जाईल?’’ आणि कॉम्प्युटरवरून पॉवरपॉइंट दाखवत असशील तर कीबोर्डवरचं इंग्रजी बी दाब. पडदा काळा होतो, सगळ्या माना तुझ्याकडे वळतात. पुन्हा दाबलं की चित्र परत. हे एक बटन मला इतक्या प्रशिक्षणांत कुणी दाखवलं नाही, लेकाच्या कॉलेजातल्या एका मित्राने दाखवलं.

बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा ॲपमध्ये उघडतात. हवं ते आदल्या रात्री उतरवून ठेव. 38 जण बघत असताना ते गोल गोल फिरणारं चक्र फार अपमान करतं.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. फोन मुलांना दाखवायला कमी आणि मुलांचं ऐकायला जास्त वापर.

परिपाठ झाला की रोज दोन मुलांना बाजूला घे, जिन्याखालचा कोपराही चालेल. प्रत्येकाचं एक मिनिट वाचन रेकॉर्ड कर. रोज दोन, म्हणजे 19 दिवसांत 38 होतात. महिना त्यातच संपतो. फाइलला नाव देऊ नकोस. हजेरी क्रमांक आणि महिना पुरे: ‘7 जुलै’, ‘7 ऑगस्ट’. परतीच्या ठाणे लोकलमध्ये इयरफोन लाव, घणसोलीला चढलीस की ऐरोली यायच्या आत दोन्ही आवाज ऐकून होतात. वर्गात जे ऐकू येत नाही ते गाडीच्या खडखडाटात ऐकू येतं. कोण जोडाक्षराआधी श्वास घेतं, कोण ओळ पाठ म्हणतंय आणि बोट भलत्याच ओळीवर असणार, हे सगळं.

माझ्याकडे गावठाणातला एक मुलगा होता. फोनमधलं एक वाचनाचं ॲप आम्ही वापरायचो, शब्द बरोबर वाचला की तारा मिळायचा. हा ‘पाणी’ला पानी म्हणायचा आणि ‘डोळा’ला डोला. तारा नाही. पुन्हा म्हटलं, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा त्याने फोन उलटा करून बाकावर ठेवला आणि पुढचे आठ दिवस वाचायलाच बसला नाही. रिपोर्टात मात्र ‘वाचन कच्चे’. मीही तो रिपोर्ट खरा मानला, याची लाज अजून वाटते. मग त्याचं जुनं रेकॉर्डिंग ऐकलं. गोष्टीत कोल्हा स्वतःच्याच शेपटीला घाबरतो, त्या जागी तो खुदकन हसला होता. अगं, वाचता वाचता बरोबर जागी जो हसतो त्याला वाचता येतंच! त्याच्या घरी आगरी बोलतात आणि आगरीत पानीच म्हणतात. ण आणि ळचा खेळ आम्ही नंतर आरसा घेऊन खेळलो, जीभ कुठे लागते ते बघत. पण त्या दिवशी मी त्याच्या पानीला फळ्यावर तारा काढला.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, तेव्हा सगळीकडे क्यूआर कोडचीच चर्चा झाली. पण तिथल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती, ती गुरुजी आधी शिकले, पुस्तकं त्या भाषेत आणली, आणि कोड त्यानंतर आले. हा क्रम बातम्यांत जरा मागे पडला.

मुलांच्या प्रगतीच्या वर्णनात्मक नोंदींचं तुला लवकरच कळेल. ‘कविता तालात म्हणतो’, ‘चित्रात आवडीने रंग भरतो’ असल्या तयार ओळींची पीडीएफ तुला कुणीतरी प्रेमाने पाठवेल. घेऊ नकोस. फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाब आणि मराठीत बोल, मजकूर आपोआप उमटतो. मधल्या सुट्टीत दोन वाक्यं बोललीस तरी सत्राच्या शेवटी रात्र जागावी लागत नाही. मी हे फार उशिरा शिकले.

पालकांचा ग्रुप: फक्त ॲडमिनलाच मेसेज टाकता येईल असं सेटिंग पहिल्याच दिवशी कर. नाहीतर सुविचार, साड्या आणि निवडणूक. लांबलचक सूचना टाइप करू नकोस, अर्ध्या मिनिटाचा आवाज पाठव, आधी मराठीत, मग हिंदीत. वाचता न येणाऱ्या आयाही ऐकतात. आणि फोनवर बघायचा गृहपाठ देऊच नकोस. 2020 मध्ये शाळा बंद असताना माझ्या 32 पैकी 11 जणच सकाळी हजर असायचे. बाकीच्यांच्या घरात फोन एकच, तो बापाच्या खिशात, आणि बाप एमआयडीसीत. रात्री नऊला फोन घरी यायचा तेव्हा पोर झोपलेलं.

गुणांची यादी आणि मुलांचे फोटो ग्रुपवर नकोत. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, हे मुख्याध्यापकांना सांगायला बरं पडतं. मला तर आमच्या इमारतीतली एक चौथीतली मुलगी पुरली, ग्रुपवर आलेल्या यादीत शेवटी नाव बघून दोन दिवस खाली खेळायला न आलेली.

आवाज मात्र जपून ठेव. मार्चमध्ये प्रत्येक आईला बोलावून आधी जुलैचा ऐकव, मग फेब्रुवारीचा, मध्ये काही बोलू नकोस. त्या कोल्हेवाल्याची आई ऐकता ऐकता पदराने फोनची स्क्रीनच पुसायला लागली होती.

रविवारी ठाण्यात असशील तर ये. माझा पेन ड्राइव्ह देते, त्यात कापून ठेवलेले तुकडे आहेत. जलचक्रही आहे, आजीशिवाय.

तुझी,
जुनी बाई