पाळी जायला आलीय म्हणून सगळं अंगावर काढू नकोस

पत्र: ताई, माझं वय 46. सांगलीत घरीच पोळी-भाजी केंद्र चालवते, रोज दीडशे-दोनशे चपात्या होतात. गेलं वर्षभर पाळीचा काही मेळ राहिलेला नाही. कधी वीस दिवसांत येते, कधी दीड महिन्याने, आणि आली की दहा-बारा दिवस हलत नाही. यंदा गौरी आमच्याकडे होत्या म्हणून मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून घेतल्या. गौरी गेल्या, गोळ्या थांबवल्या आणि तिसऱ्या दिवशी जे सुरू झालं, त्याचा आज सतरावा दिवस. गाठी पडतात. दोन पॅड एकावर एक लावते, तरी स्टुलावरून उठलं की आधी साडी मागून बघते. मोठ्या जाऊबाई म्हणतात, पाळी जाताना असंच होतं, बोभाटा करू नकोस. एका डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं, दोन मुलं झालीत, पिशवी काढून टाका. ह्यांच्याशी हा विषय काढायला जीभ उचलत नाही. जिना चढताना धाप लागते. हल्ली तांदूळ निवडताना चिमूटभर तोंडात टाकायची सवयही लागलीय. काय करू?

उत्तर:

तांदळाचं तू जाता जाता लिहिलंस, पण मी वाचताना तिथेच थांबले. कच्चे तांदूळ, माती, खडू, बर्फ खावासा वाटणं ही अंगातलं लोह संपत आल्याची खूण असते. मला ती ओळखू येते, कारण 47 व्या वर्षी मी पाटीवरच्या पेन्सिली खायचे. डबा कपाटात साड्यांच्या मागे ठेवलेला असायचा. तेव्हा माझंही असंच अंगावरून जात होतं आणि सात महिने मी कुणाला कळू दिलं नाही. शेवटी भाचीच्या हळदीला कार्यालयाच्या जिन्यात चक्कर येऊन पडले. हिमोग्लोबिन निघालं 6.8. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. बायकांचं 12 च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात, आणि मी 6.8 वर लग्नघरात पंगती वाढत होते. तुझं पत्र वाचताना तो जिना पुन्हा डोळ्यांसमोर आला, म्हणून हे जरा दटावूनच लिहिते आहे.

पत्र वाचून झालं की पहिलं काम हिमोग्लोबिन तपासायचं. उद्याच. आणि एक नीट ध्यानात ठेव: तासाभरात एक पॅड पूर्ण भिजतंय आणि असं सलग दोन तास झालं, किंवा उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, छाती धडधडते, बसल्या जागी धाप लागते, तर उद्याचीही वाट बघायची नाही. त्याच वेळी दवाखाना गाठायचा, रात्र असली तरी. चपात्यांची ऑर्डर कुणी तरी बघेल.

आता हे होतं का, ते सांगते. चाळिशी ओलांडली की काही महिने बीजकोशातून बीज बाहेरच पडत नाही. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही, इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन मात्र चालूच असतं. इस्ट्रोजेन पिशवीच्या आतलं अस्तर वाढवत नेतं आणि त्याला वेळेवर आवर घालणारं प्रोजेस्टेरॉनच नसतं. मग ते जाड झालेलं अस्तर कधी तरी तुकड्यातुकड्यांनी गळायला लागतं. म्हणून पाळी उशिरा येते आणि आली की थांबत नाही. पुढे ढकलायच्या गोळ्या म्हणजे प्रोजेस्टेरॉनच्याच जातीचं औषध. त्या थांबवल्या की दोन-तीन दिवसांत रक्तस्राव होणारच, आणि अस्तर आधीच जाड असेल तर तो असा धबधब्यासारखा होतो. गौरीचा कोप वगैरे काही मनात आणू नकोस. त्याच गोळ्या डॉक्टर रक्तस्राव थांबवायलाही देतात, पण त्याचा डोस आणि दिवस ठरलेले असतात. उरलेलं पाकीट पुन्हा स्वतःच्या मनाने उघडू नकोस.

तेव्हा जाऊबाई अगदीच चुकीचं बोलत नाहीत. या वयात पाळी मागेपुढे होते. पण सतरा दिवस आणि वर गाठी याला ‘असंच होतं’ म्हणून सोडून द्यायचं नसतं. पाळी सात-आठ दिवसांच्या वर चालली की कारण शोधायचं. कारण वयच असेल असं नाही. पिशवीत फायब्रॉइडच्या गाठी असू शकतात, अस्तराला मांसाचा कोंब फुटलेला असतो, पिशवीची भिंतच सुजून जाड झालेली असते, थायरॉइड बिघडलेलं असतं, जुनी तांबी आत राहिलेली असते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगायच्या.

मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय तुला जवळ आहे, तिथल्या स्त्रीरोग विभागात जा, किंवा जिच्यावर विश्वास आहे अशा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. रक्त तपासतील, थायरॉइड बघतील, सोनोग्राफी करतील. लघवीची गरोदरपणाची चाचणीही करतील. पाळी अनियमित असतानाही दिवस राहू शकतात, तेव्हा संकोचू नकोस. आणि तुझं वय 45 च्या पुढे असल्याने अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासायला सांगतील. बारीक नळी आत घालून तो घेतात, बहुतेक वेळा भूलही लागत नाही, पाळीसारखी जोराची कळ येते आणि संपतं. बहुतेक जणींच्या तुकड्यात कॅन्सर निघत नाही. पण या वयात ते तपासून निश्चिंत व्हायचं असतं. त्यांनी सांगितलं नाही, तर तू विचार: अस्तराची तपासणी करायची का?

पिशवीबद्दल मला जास्त बोलायचं आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं प्रकरण तुला आठवत असेल. 2019 मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या 82 हजारांवर बायकांमध्ये 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यात कितीतरी तरुण होत्या. पाळीत खाडा झाला की मजुरी जाते, आणि वर ‘कॅन्सर होईल’ ही भीती घातलेली. ते वाचल्यापासून ‘मुलं झालीत, आता पिशवीचं काय काम’ हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगाची आग होते. ऑपरेशन वाईट असतं असं मी म्हणत नाही. मोठ्या गाठी असतील, बाकीचे इलाज थकले असतील, तुकड्यात काही वाईट निघालं असेल, तर ते करावंच लागतं आणि करून कितीतरी जणी सुटल्या आहेत. पण तपासणी न करता, पाच मिनिटांत, पहिलाच इलाज म्हणून ते सांगितलं असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घे. आणि ऑपरेशन ठरलंच तर विचारून घे की बीजकोश ठेवणार की काढणार. दोन्ही बीजकोश काढले तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एका दिवसात अंगावर येतो, हाडांवर आणि हृदयावरही परिणाम होतो.

त्याआधीच्या पायऱ्या बऱ्याच आहेत. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या जास्त जाण्याच्या चार-पाच दिवसांतच घ्यायच्या असतात, त्याने जाणं बरंच कमी होतं. मात्र पूर्वी पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल किंवा पक्षाघात झाला असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायचं. मेफेनॅमिक ॲसिड दुखणं आणि जाणं दोन्ही कमी करतं. शिवाय हार्मोनची तांबी मिळते. आपल्या माहितीच्या तांब्याच्या तांबीने पाळी वाढते, हिच्याने उलट होतं; ती पिशवीतच थोडं थोडं औषध सोडते आणि अस्तर पातळ ठेवते. पहिले तीन ते सहा महिने मधूनमधून डाग पडतात, त्याने घाबरून काढून टाकू नये. मग पाच वर्षं तरी बघायला लागत नाही, आणि तुझ्या वयाला तेवढ्यात बहुधा पाळीच गेलेली असेल. माझं याच तांबीवर निभावलं. हार्मोनचा इलाज चालू नसताना सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरायचं, आणि त्यानंतर कधी एक डाग जरी दिसला तरी दाखवायचं.

लोहाचं मात्र आजपासून. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला, तू एकटी नाहीस. हळीव, खजूर, पालेभाजी जरूर खा. बीट-डाळिंबाच्या लाल रंगावर मात्र जाऊ नकोस, त्यांत लोह फारसं नसतं. आणि सतरा दिवसांत गेलेलं रक्त लाडवांनी भरून येत नाही, गोळीच लागते. डॉक्टर देतील ती गोळी लिंबूपाण्याबरोबर घे आणि चहा तिच्यापासून तास-दोन तास लांब ठेव. तुझ्या धंद्यात दर तासाला कप हातात येतो, म्हणून मुद्दाम लिहिते. शौचाला काळी होते, त्याची काळजी नको. हिमोग्लोबिन वर आलं तरी साधारण तीन महिने गोळी सोडायची नाही. फारच कमी निघालं किंवा गोळी सोसली नाही तर सलाइनमधून लोह देतात.

ह्यांच्याशी कसं बोलायचं, असा तुला प्रश्न पडलाय. सगळं सांगायची गरज नाही. रिपोर्ट हातात आला की तो त्यांच्यासमोर ठेव आणि आकडा दाखव. माझ्या घरी सात महिने ज्या गोष्टीला नाव नव्हतं, ती त्या 6.8 ने एका मिनिटात सांगितली. मुलांना एवढंच सांग की रक्त कमी झालंय, पिठाचा डबा आणि सिलिंडर तुम्ही उचलायचा. तेवढं त्यांना कळेल. आणि दवाखान्यात जाताना जाऊबाईंना बरोबर घेऊन जा. ‘पाळी जाताना असंच होतं’ म्हणाल्या ना? त्यांच्या वेळी त्यांना कुणी नेलं नसेल. त्यांचंही हिमोग्लोबिन त्याच दिवशी बघून घ्या.

भिंतीवरच्या कालनिर्णयवर पाळी सुरू झाल्याची आणि थांबल्याची तारीख लिही, दिवसाला किती पॅड लागले त्या रेघा ओढ, आणि ते पान फाडून डॉक्टरांकडे ने. हिमोग्लोबिनसाठी उपाशी जायला लागत नाही, सकाळची ऑर्डर देऊन गेलीस तरी चालेल.

आणि तांदूळ तोंडात टाकावेसे वाटायचे थांबले की मला लिहून कळव. माझ्या पेन्सिली लोह सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत सुटल्या होत्या.

— तुझी ताई