स्टेशनच्या मागे उभा असलेला जुना बंब

तुम्ही विचारलंय की फायर स्टेशनच्या मागे एक जुना बंब महिनोन्महिने नुसता उभा दिसतो, तो विकून का टाकत नाहीत. अहो ती स्पेअर, म्हणजे राखीव गाडी! मी महापालिकेच्या फायर ब्रिगेडच्या वर्कशॉपात बरीच वर्षं काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लाईनवरची, म्हणजे रोजच्या ड्युटीची गाडी क्लच प्लेटसाठी नाहीतर पासिंगला वर्कशॉपात आली की स्टेशन रिकामं ठेवता येत नाही, तेव्हा स्पेअर लावतात. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ ला अग्निशमन दलाच्या ९१ गाड्या एका दिवसात निकामी झाल्या, पण बाकी शहरातल्या वर्द्या (आगीचे कॉल) थांबतात थोड्याच, अशा वेळी स्पेअर हवीच.

आणि मीटर बघून गाडी नवी आहे म्हणू नका, बंब आगीपाशी जागेवर उभा राहून तासन्‌तास इंजिनावर पंप चालवतो, किलोमीटर पडत नाहीत पण इंजिन झिजतंच, वर टाकीत ४५०० लिटर पाणी म्हणजे साडेचार टन दिवसरात्र स्प्रिंगच्या पाट्यांवर.

एक रात्र मी विसरत नाही. गोदामाची वर्दी, स्पेअर गाडी गेली, टाकी संपली म्हणून विहिरीत सक्शन (पाणी ओढायचा पाइप) सोडला, तर व्हॅक्यूमचा काटा चढायचा आणि लगेच पडायचा, पाणी येईना. टॉर्चच्या उजेडात एकेक जोड चाचपला तर कपलिंगमधला रबरी वॉशर वाळून चिरलेला, बोटाने दाबला तर तुकडाच हातात आला. दुसऱ्या गाडीचा काढून बसवला तेव्हा कुठे पाणी चढलं. महिन्यातून एकदा जरी सक्शन लावून पंप चालवला असता तरी तो वॉशर दिवसाउजेडी यार्डातच सापडला असता, याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरं दुखणं सामानाचं. आज ब्रँच (पाण्याच्या फवाऱ्याचं तोंड), उद्या दोन होज (पाण्याचे पाइप) असं करत स्पेअरवरचं सगळं लाईनच्या गाडीवर जातं.

वयाचं म्हणाल तर अमेरिकेतल्या एनएफपीएची (अग्निसुरक्षेची मानकं ठरवणारी संस्था) शिफारस अशी की १५ वर्षांनंतर गाडी राखीव करा आणि २५ नंतर काढाच. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी आणि पालिकेच्या गाड्यांची नोंदणीच संपते, म्हणजे जी गाडी तिकडे स्पेअर झाली असती ती इकडे थेट भंगारात. म्हणून माझं ठाम मत, नवीन गाडीची ऑर्डर जुनीला १२-१३ वर्षं झाली की द्यावी, कारण चासी (गाडीचा नुसता सांगाडा) आल्यावर बॉडी, टाकी, पंप बसेपर्यंत बराच वेळ जातो.

तुमच्या स्टेशन ऑफिसरना एकदा भेटा आणि विचारा, त्या मागच्या गाडीचा पंप शेवटचा कधी चालवला.