शाळेच्या बँडमध्ये साइड ड्रम मिळालाय, घरी सराव कसा करून घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सातवीत, शाळा ठाण्यात, बँडमध्ये साइड ड्रमसाठी (कमरेला लटकवून दोन काठ्यांनी वाजवायचा, खाली तारा असलेला छोटा ड्रम) निवड झालीय आणि १५ ऑगस्टला पहिलं संचलन आहे. हातात दोन महिने. घरी ड्रम नाही, फ्लॅटमध्ये राहता, खालच्या मजल्यावर आजी-आजोबा आहेत. जमेल का?

जमेल. ड्रम मात्र विकत घेऊ नका, आत्ता त्याची गरज नाही.

सुरुवात पायापासून करा. बँडमध्ये नवीन मुलांचं अडतं ते बहुतेक वेळा हातामुळे नाही, पायामुळे. लक्ष सगळं काठ्यांवर जातं आणि पाय भलतीकडेच पडतो. ‘तेज चल’ला मिनिटाला १२० पावलं पडतात, म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक, आणि पाऊल ३० इंचांचं. लहान मुलांच्या बँडला सर लोक ११०-११६ वर ठेवतात, पाऊलही आखूड घ्यायला लावतात. बेस ड्रमचा मोठा ठोका डाव्या पायावर येतो, हे तिच्या अंगात मुरलं पाहिजे. मोबाइलवर मेट्रोनोमचं (ठरावीक वेगाने टकटक करत लय देणारं) कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या, १०० वर लावा आणि हॉलमध्ये दहा मिनिटं नुसती कदमताल, हात मोकळे. पाय स्थिर झालाय का हे बघायला तिला कदमताल करता करता सतराचा पाढा म्हणायला सांगा. पाढा अडखळला तरी चालेल, पाय अडखळता कामा नये. हे जमेपर्यंत चालताना काठ्या हातात देऊ नका. साधारण आठवडा लागतो, आणि तो आठवडा वाया जात नाही.

काठ्या स्वतःच्या असू द्या. शाळेतल्या जोड्या बहुधा वेगवेगळ्या वजनाच्या, टोकं उडालेल्या असतात. धोबी तलावला वाद्यांच्या दुकानांत चांगल्या मिळतात. ठाण्याहून वा नवी मुंबईहून सीएसएमटीला उतरून चालत जाता येतं. साधारण १६ इंच लांबीच्या, २बी मापाच्या मागा. बोटं फारच लहान असतील तर ५ए. काउंटरवर दोन्ही काठ्या लोळवून बघा, वाकडी काठी डुगडुगते. मग एकेक काठी लाकडावर हलकेच आपटून कान द्या: दोन्हींचा सूर सारखा आला तर वजन आणि लाकूड जुळलेलं आहे. एकीचा ‘टक’ आणि दुसरीचा ‘टोक’ येत असेल तर जोडी बदलून घ्या, नाहीतर रोलमध्ये (ठोक्यांच्या सलग गडगडाटात) एक हात कायम दबलेला ऐकू येईल.

सरावाला ८ इंचांचं रबरी प्रॅक्टिस पॅड उत्तम. ते नसेल तर प्लायवूडच्या तुकड्यावर जुना माउसपॅड चिकटवा. उशीवर वाजवायला लावू नका. उशी काठी उलट फेकत नाही आणि साइड ड्रमचं निम्मं काम त्या उसळीवरच चालतं. शेजाऱ्यांना त्रास होतो तो हवेतून जाणाऱ्या आवाजाचा कमी, टेबलाच्या पायांमधून लादीत उतरणाऱ्या हादऱ्याचा जास्त. पॅडखाली टॉवेलची चार पदरी घडी ठेवा.

आता पकड. ड्रमचा पट्टा उजव्या खांद्यावरून येऊन डाव्या कमरेपाशी अडकतो, त्यामुळे ड्रम डाव्या मांडीवर तिरका राहतो. म्हणून उजव्या हाताची पकड वरून, तर डाव्या हाताचा तळवा वर: काठी अंगठ्याच्या बेचक्यात, अनामिकेवर टेकलेली, तर्जनी आणि मधलं बोट वरून. डावं मनगट कुलपात किल्ली फिरवावी तसं फिरतं. काही शाळांत ड्रम हार्नेसवर (दोन्ही खांद्यांवरून घालायच्या चौकटीवर) आडवा असतो, तिथे दोन्ही हात वरून. सरांना आधी विचारा, कारण घरी एक आणि शाळेत दुसरी पकड झाली तर महिना फुकट जातो. पट्टा इतपत हवा की काठ्या ड्रमवर टेकल्यावर कोपर काटकोनापेक्षा थोडं उघडं राहील. लांब राहिला तर दर पावलाला गुडघा ड्रमवर आपटतो, मांडीवर निळे डाग पडतात आणि मूल आपोआप लंगडत चालायला लागतं.

हातांचा सराव एकेका ठोक्याने सुरू करा, उजवा-डावा, पावलाला दोन, मग चार. १२० च्या चालीत पावलाला चार म्हणजे सेकंदाला आठ ठोके. एकेरी हाताने एवढं करताना सातवीतलं मूल मूठ आवळतं आणि मनगट दुखवून घेतं. तिथेच ‘मम्मी-डॅडी’ येतं: उजवा-उजवा, डावा-डावा, दुसरा ठोका उसळीतून. म्हणजे हात सेकंदाला चारदाच हलतो, आवाज आठदा येतो. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे दुसरा ठोका मेलेला निघणं. उपाय: वेग ६० वर आणून मुद्दाम दुसऱ्या ठोक्यावर जोर द्यायचा, आठवडाभर. मग पॅराडिडल, म्हणजे उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. रोज पंधरा-पंधरा मिनिटं दोनदा केलं तर अभ्यासालाही धक्का लागत नाही. रविवारी सलग दीड तास करून काही साधत नाही. मनगट दुखलं की त्या दिवसापुरतं थांबायचं.

आता राष्ट्रगीताआधीचा रोल. साइड ड्रमवाल्यांची सगळ्यात मोठी जबाबदारी हीच, आणि शाळांमध्ये तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होतं याचं मला मनापासून वाईट वाटतं. गृह मंत्रालयाच्या सूचनांनुसार कवायतीत बँडवर राष्ट्रगीत वाजण्याआधी हा रोल मंद चालीच्या ७ पावलांइतका असतो: हळू सुरू होऊन चढत जातो, पूर्ण जोरावर पोचतो, मग उतरत पुन्हा हळू होतो, पण सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू येत राहतो. त्यानंतर एक ठोका शांतता आणि मग राष्ट्रगीत, जे सुमारे ५२ सेकंदांचं. मुलं पहिल्याच पावलाला जोर लावतात आणि मग चढायला जागा उरत नाही. दुसरी चूक, ती एका ठोक्याची शांतता गिळून टाकतात. मग वाद्यं एका क्षणी, मैदानावरचे हजार आवाज दुसऱ्या क्षणी सुरू होतात आणि पहिली ओळ फाटते. घरी तुम्ही बोटांवर सात मोजा, तिला पॅडवर चढवू-उतरवू द्या, आठव्याला दोघांनी श्वास घ्या.

मैदानावर कान फसवतात, हेही तिला आधीच सांगा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ३४ मीटर मागे असलेल्या मुलाला ठोका ०.१ सेकंद उशिरा पोचतो, म्हणजे पावलाचा पाचवा हिस्सा. ऐकून पाय टाकणारी शेवटची रांग म्हणूनच लाटेसारखी हलताना दिसते. आपल्याकडे बऱ्याच शाळांचं पटांगण तीन बाजूंनी इमारतींनी वेढलेलं, फरसबंद. तिथे भिंतीवरून परत येणारा ठोका वेगळाच भरतो. त्यावर उपाय एकच: ड्रम मेजरच्या (बँडच्या पुढे चालत इशारे देणाऱ्याच्या) हातातल्या मेसवर, म्हणजे दंडावर, आणि पुढच्या मुलीच्या डाव्या टाचेवर नजर. बंद खोलीत सगळा बँड वाजवतो तेव्हा फोमचे इअरप्लग घालू द्या, मेडिकलमध्ये मिळतात.

पावसाचं काय? १५ ऑगस्टला ठाण्यात तो गृहीतच धरा. ड्रमच्या प्लॅस्टिकच्या पानाला (ज्यावर काठी पडते त्या पडद्याला) पाण्याने फार काही होत नाही, खालच्या तारांना होतं: गंज चढला की ‘झर्र’च्या जागी नुसती खरखर येते. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसायचं, तारा ताणून धरणारा खटका सोडायचा आणि ओला ड्रम कव्हरमध्ये कोंबायचा नाही. जमिनीवर ठेवताना तारांची बाजू खाली नको, तारा वाकतात. पान सैल वाटलं तर सरांकडूनच ताणून घ्यावं. एकामागून एक नाही, समोरासमोरचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा.

त्या दिवशी पहाटे सहाला शाळेत हजर राहावं लागेल. उपाशी पाठवू नका, एक केळं आणि पाणी पुरे. सावधानमध्ये गुडघे ताठ कुलूप लावल्यासारखे ठेवले की मुलांना भोवळ येते, तेव्हा गुडघे किंचित सैल. बूट नवे असतील तर आधीचा आठवडा घरात घालून कदमताल करू द्या. आणि दप्तरात काठ्यांची दुसरी जोडी टाका. पावसात ओल्या हातातून काठी निसटली तर वाकून उचलायची नाही, उरलेल्या हाताने ठेका धरून चालत राहायचं, हेही तिला आधीच सांगून ठेवा.