सांजची चांदणी रात्री कुठं जाते?

प्रश्न: रंकाळ्यावर संध्याकाळी बसलं की पश्चिमेला एक लई ठळक चांदणी दिसते, पण जेवून गच्चीवर गेलो की गायब! मित्र म्हणतो सॅटेलाइट आहे. खरं काय ओ?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर: सॅटेलाइट नव्हं, तो शुक्र. सॅटेलाइट बघता बघता आभाळ पार करतो, हा जागचा हलत नाही असंच वाटतं. आता गायब का, तर त्याची कक्षा आपल्या आत आहे, म्हणजे इथनं बघताना तो सूर्यापासून साधारण ४७ अंशांपेक्षा लांब जाऊच शकत नाही, त्यामुळं सूर्य मावळला की तीनेक तासांत हाही मागोमाग जातो, आणि काही महिन्यांनी हाच गडी पहाटे पूर्वेला हजर. हे सगळं चक्र ५८४ दिवसांचं. गुरू-शनी आपल्या बाहेरून फिरतात, ते मध्यरात्रीही सापडतात.

एवढा चमकतो ते सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या ढगांमुळं, बहुतेक ऊन ते परत फेकतात. दुर्बीण असेल तर खरी मजा, पृथ्वीजवळ आला की चंद्रासारखी कोर दिसते, आणि कोर जितकी बारीक तितका शुक्र मोठा! फक्त सूर्य पूर्ण बुडाल्यावरच दुर्बीण लावा, डोळ्यांशी खेळ नको.