टचस्क्रीन टॅब्लेटला माउस जोडून खरोखर काही उपयोग होतो का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपले वडील निवृत्त शिक्षक असून दहा इंची अँड्रॉइड टॅब्लेटवर ते आपल्या आठवणी मराठीत टंकतात, लिहिणे जमते, पण दुरुस्ती करताना बोट नेमक्या अक्षरावर टेकत नाही, त्यातच हात थोडा थरथरतो, अशा टॅब्लेटला माउस जोडता येतो का, आणि जोडून काही साधते का.

जोडता येतो, आणि मजकुराच्या दुरुस्तीपुरते पाहिले तर पुष्कळ साधते. मी नागपुरात मुद्रितशोधनाचे काम करतो आणि गेली काही वर्षे घरी असताना ते बहुतांशी टॅब्लेटवरच करतो, त्यामुळे हे उत्तर ऐकीव माहितीचे नाही. मात्र माउस जोडला म्हणजे टॅब्लेटचा संगणक झाला, अशी वडिलांची समजूत होऊ देऊ नका. तसे होत नाही, आणि का होत नाही हे आधी ध्यानात आले तर पुढची निराशा टळते.

बोटाने स्क्रीनवर काम करताना जागा दाखवणे आणि दाबणे ही एकच क्रिया असते. बोट टेकेपर्यंत टॅब्लेटला त्याचा पत्ता नसतो, आणि टेकले की निर्णय होऊन जातो. माउसमध्ये या दोन क्रिया वेगळ्या होतात : आधी बाण जागेवर नेऊन ठेवायचा, तो योग्य ठिकाणी आहे की नाही हे डोळ्यांनी पाहायचे, आणि मगच बटण दाबायचे. डग्लस एंगेलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास लाकडी खोक्याचा पहिला माउस बनवला आणि ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तो लोकांपुढे चालवून दाखवला, तेव्हापासून ही मधली सवड माउसमध्ये आहे. थरथरणाऱ्या हाताला नेमकी तीच हवी असते. शिवाय मनगट टेबलावर टेकलेले राहते. हवेत उचललेल्या बोटाचा कंप आणि टेकलेल्या हाताचा कंप यांत किती फरक असतो, हे वडिलांना पहिल्या पाच मिनिटांतच जाणवेल.

दुसरा मुद्दा बोटाच्या जाडीचा. अँड्रॉइडसाठी ॲप बनवणाऱ्यांना गूगलची शिफारस अशी आहे की, ज्यावर बोट टेकायचे ते बटण किमान ४८ डीपी, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ७ ते १० मिलिमीटर, लांबरुंद असावे. बटणांना हे माप देता येते. मजकुरातल्या अक्षरांना कोण देणार? दहा इंची स्क्रीनवर वाचायला सोयीच्या आकारात ठेवलेले देवनागरी अक्षर तीन-चार मिलिमीटरांच्या पुढे क्वचितच जाते, आणि बोट टेकले की ज्या अक्षराकडे पाहायचे तेच झाकले जाते.

मराठीत ही अडचण आणखी वाढते. एक उदाहरण देतो. समजा वडिलांनी ‘क्रिडा’ असे टंकले आणि ते ‘क्रीडा’ करायचे आहे. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना ‘क्र’च्या डावीकडे दिसते, म्हणून नवखा माणूस शब्दाच्या सुरुवातीकडे बोट नेतो, पण संगणकाच्या साठवणीत ती ‘क्र’च्या नंतर येते. म्हणून कर्सर ‘क्रि’ आणि ‘डा’ यांच्या मध्ये ठेवायचा आणि बॅकस्पेस एकदाच दाबायचा. बहुतेक ॲपमध्ये फक्त वेलांटी जाते, ‘क्र’ शाबूत राहतो, आणि मग दीर्घ वेलांटी द्यायची. बॅकस्पेस दोनदा दाबला गेला तर ‘र’ही जातो आणि पाय मोडलेला ‘क्’ मागे उरतो. आता ही जागा बोटाने गाठून पाहा : कर्सर कधी ‘डा’च्या पलीकडे पडतो, कधी अख्खा शब्द निवडला जाऊन वर कापा-चिकटवाची पट्टी उघडते. माउसने तीच जागा एका क्लिकमध्ये मिळते, कारण बाणाचे टोक अक्षराला झाकत नाही आणि मजकुरावर आल्यावर तो बाण बारीक उभ्या रेघेचे रूप घेतो.

मजकूर निवडण्याचेही तसेच आहे. बोटाने निवड वाढवताना अँड्रॉइड सहसा शब्दाच्या मापाने पुढे सरकतो, त्यामुळे अर्धा शब्द उचलायचा असेल तर पुढे जाऊन मागे यावे लागते. माउसचे डावे बटण दाबून ओढले की निवड अक्षराअक्षराने होते. एका शब्दावर दोनदा क्लिक केले की तो शब्द निवडला जातो. परिच्छेद वरखाली हलवणाऱ्या लेखकाला एवढ्यानेच मोठा आराम मिळतो.

आता जोडणीविषयी. मार्ग तीन आहेत : वायरचा माउस, छोट्या रिसीव्हरचा बिनतारी माउस आणि ब्लूटूथ माउस. पहिल्या दोघांना टॅब्लेटच्या चार्जिंगच्या खाचेत ओटीजी (ऑन-द-गो, म्हणजे टॅब्लेटला दुसरे यूएसबी उपकरण चालवू देणारी) जोडणी लागते. यूएसबीच्या व्यवहारात एक बाजू यजमान आणि दुसरी पाहुणी असते. चार्ज होताना किंवा संगणकाला जोडलेला असताना टॅब्लेट पाहुणा असतो, आणि माउस लावताना त्याला यजमान व्हावे लागते. जुन्या मायक्रो यूएसबीच्या पाच पिनांपैकी एक केवळ ही ओळख पटवण्यासाठी असते आणि ओटीजी केबलमध्ये ती ग्राउंडला जोडलेली असते. नव्या टाइप-सी जोडणीत हेच काम अडॅप्टरमधला ५.१ किलोओहमचा रोधक करतो. अँड्रॉइडमध्ये माउस स्वीकारण्याची सोय २०११ मधील ३.१ या आवृत्तीपासून आहे, तेव्हा आपला टॅब्लेट पाचसात वर्षांचा असला तरी प्रणालीची अडचण येऊ नये.

हा पिनांचा तपशील विनाकारण देत नाही. माझ्या पहिल्या टॅब्लेटसाठी मी बर्डीवरच्या, म्हणजे नागपुरातल्या सीताबर्डीच्या बाजारातल्या, एका दुकानातून केबल आणली होती. दिसायला हुबेहूब ओटीजी, पण आत ती ओळखीची पिन मोकळीच सोडलेली असावी. माउस लावला की काहीच होत नसे. दुकानदार माउस खराब म्हणत होता आणि मी टॅब्लेट. शेवटी शेजारच्या दुकानातली दुसरी केबल लावल्याबरोबर माउसच्या पोटातला लाल दिवा लागला आणि स्क्रीनवर बाण अवतरला. तेव्हापासून माझी परीक्षा साधी आहे : तळाचा दिवा लागला नाही तर दोष केबलमध्ये किंवा टॅब्लेटच्या सेटिंगमध्ये आहे असे धरायचे, माउसला दोष नंतर द्यायचा. सेटिंगमध्ये अशासाठी, की काही कंपन्यांच्या उपकरणांत ओटीजी आधी हाताने सुरू करावा लागतो आणि दहा मिनिटे वापरला नाही तर तो आपोआप बंद होतो. (अदृश्य किरणांच्या माउसचा दिवा दिसतच नाही, त्याला ही परीक्षा लागू नाही.)

खाच एकच असल्यामुळे वायर किंवा रिसीव्हर लावला की चार्जिंग थांबते. टाइप-सी असेल तर चार्जिंग पुढे सोडणारा हब (एका खाचेच्या अनेक खाचा करणारी जोडणी) मिळतो, पण दोनचार तासांच्या बैठकीसाठी मला त्याची गरज पडलेली नाही. माउसला वीज फारच थोडी लागते. हब घेतलाच आणि त्यात यूएसबी ३ चा पेनड्राइव्ह व माउसचा रिसीव्हर शेजारीशेजारी खोचले, तर बाण अडखळू शकतो, कारण यूएसबी ३ मधून निघणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या त्याच पट्ट्यात येतो ज्यात रिसीव्हर ऐकत असतो. पेनड्राइव्ह काढला की बाण सरळ होतो.

ब्लूटूथ माउसला खाच लागत नाही आणि म्हणून आपल्या वडिलांसाठी मी तोच सुचवीन. एकदा जोडी जमवली की पुन्हा काही करावे लागत नाही. थोडा वेळ हात लावला नाही तर तो झोपी जातो आणि हलवल्यावर जागा व्हायला क्षणभर घेतो. ही त्याची रीत आहे, बिघाड नाही, हे वडिलांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर दर वेळी आपल्याला हाक येईल.

येथे नागपूरची एक गोष्ट सांगावीशी वाटते. विदर्भात शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात, आणि त्यामुळे अभ्यासपुस्तिकांची मुद्रिते माझ्याकडे ऐन मे महिन्यात येतात. नवतपा (उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस) लागलेला असतो, पारा ४५ अंशांच्या घरात, खोलीत कूलर सुरू आणि ओल्या ताट्यांतून येणारी दमट हवा थेट टेबलावर. टॅब्लेटची स्क्रीन बोटाला ओळखते ती शरीर विद्युतवाहक असल्यामुळे, आणि घामाचे पाणीही वाहकच असते. म्हणून कपाळावरून पडलेला एक थेंब पान उलटवतो, तर घामेजलेले बोट कधी कधी दोन ठिकाणी टेकल्यासारखे वागते. एका दुपारी तपासून झालेल्या परिच्छेदातली एक ओळ अशीच नकळत सरकली आणि ती मला दुसऱ्या वाचनात सापडली. त्यानंतर उन्हाळ्यात मी बोट केवळ पान वर सरकवायला वापरतो, दुरुस्ती सगळी माउसने. माउसला थेंबाशी देणेघेणे नसते.

माउस जोडला तरी स्पर्श बंद होत नाही, हे आपण विचारले नसले तरी सांगतो, कारण खरी सोय त्यातच आहे. उजव्या हातात माउस आणि डावा हात स्क्रीनच्या कडेला, अशी माझी बैठक असते. पान मोठे करायचे तर दोन बोटांची चिमटी माउसपेक्षा कितीतरी सहज. जागा गाठायची तर माउस. चित्र काढणे, हाताने सही करणे यांसाठी माउस घेऊच नये, तिथे स्टायलस, म्हणजे स्क्रीनवर लिहायचा पेन, हवा.

आता उणिवा. टॅब्लेटवरची बहुतेक ॲप बोटासाठी लिहिलेली असतात, आणि बाण नुसता वर तरंगतो आहे ही कल्पनाच त्यांच्यापैकी अनेकांना नसते. म्हणून संगणकावर बटणावर बाण नेला की त्याचे नाव दिसते, तसे येथे सर्वत्र दिसेलच असे नाही. उजव्या बटणाचे वर्तनही एकसारखे नसते : कुठे त्याने पर्यायांची यादी उघडते, कुठे, विशेषतः जुन्या टॅब्लेटवर, ते ‘मागे जा’चे काम करते आणि टंकता टंकता माणूस ॲपच्या बाहेर येऊन पडतो. वडिलांचा टॅब्लेट यांतला असेल तर उजवे बटण विसरून जा असे सांगणेच बरे. डावे बटण दाबून धरले की लांब स्पर्शाची यादी तशीही उघडते. यादी वरखाली करायला मधले चाक आहे आणि ते चांगले चालते.

आपल्याकडे आयपॅड असता तरी उत्तर फारसे बदलले नसते. तिथे २०१९ च्या आयपॅडओएस १३ मध्ये माउस साहाय्यक सुविधा म्हणून आला आणि मार्च २०२० मधील १३.४ मध्ये तो मुख्य प्रणालीचा भाग झाला. बाणाऐवजी गोल ठिपका आणि बटणाजवळ गेला की त्याला चिकटणे ही २०२५ पर्यंतच्या आयपॅडओएसमध्ये त्याची तऱ्हा होती. वडिलांसारख्यांना ते चिकटणे मदतीचेच ठरले असते.

कंपासाठी दोन बदल जरूर करा. सेटिंगमध्ये पॉइंटरचा वेग निम्म्याच्या खाली आणा, आणि ॲक्सेसिबिलिटीच्या भागात मोठा माउस पॉइंटर सुरू करा. या पर्यायांची जागा कंपनीप्रमाणे थोडी बदलते, पण सेटिंगच्या शोधपट्टीत टाकले की सापडतात. त्याच भागात बाण थांबला की आपोआप क्लिक होण्याची सोयही दिसेल. बटण दाबणेच ज्यांना अशक्य आहे त्यांच्यासाठी ती चांगली आहे, पण वडिलांसाठी मी ती बंदच ठेवीन, कारण वाचता वाचता हात थांबला की नको तिथे क्लिक होत राहते आणि माउसने मिळवून दिलेली ती मधली सवडच नाहीशी होते.

माउस आकाराने मोठा, तळहात भरून राहील असा घ्या. प्रवासासाठी म्हणून विकला जाणारा चपटा, छोटा माउस थरथरणाऱ्या बोटांत ठरत नाही. काचेच्या टेबलावर प्रकाशाचा माउस भरकटतो, तेव्हा खाली जुन्या पुठ्ठ्याच्या वहीचे कव्हर ठेवले तरी चालेल. आणि खरेदीला जाताना टॅब्लेट, आणि जमल्यास वडिलांनाही, सोबत न्या. दुकानातच त्यांचीच एखादी मराठी फाइल उघडून एक चुकलेली वेलांटी त्यांच्या हातून दुरुस्त करवून घ्या, आणि तिसऱ्या प्रयत्नापर्यंत कर्सर जागेवर बसला नाही तर दुसरा माउस दाखवायला सांगा.