'सहभागी निरीक्षण': यात सहभागी कोण?

गोव्यातल्या साखळी गावच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे. सत्तरी तालुक्यातल्या धालोंवर, म्हणजे बायकांच्या रात्रीच्या नाचगाण्यांवर, तिचा एम.ए.चा प्रकल्प चालू आहे. अभ्यासपद्धती म्हणून तिने 'सहभागी निरीक्षण' असं लिहिलं, तर मैत्रिणीने त्याचा अर्थ लावला 'धालोत सहभागी झालेल्या बायकांचं निरीक्षण'. मग शब्द चुकला का? आणि मांडाच्या, म्हणजे धालो खेळायच्या अंगणाच्या, कडेला बसून नुसतं पाहिलं असेल, तर तो वापरता येईल का?

शब्द बरोबर आहे. यात सहभागी असतो तो पाहणारा. मैत्रिणीचा घोटाळा होणंही साहजिकच. 'सहभागी' हे मुळात विशेषण, पण हल्ली आपण ते सर्रास नाम म्हणून वापरतो. 'सर्व सहभागींना प्रमाणपत्रं देण्यात आली' हे वाक्य बातम्यांत नेहमीचं. त्यामुळे वाचणारा मनातल्या मनात एक 'चं' घालून मोकळा होतो. 'सहभागात्मक निरीक्षण' लिहून हे सुटत नाही, शब्द तेवढा जड होतो. संज्ञा म्हणून 'सहभागी निरीक्षण'च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'म्हणजे लोकांच्या व्यवहारात स्वतः सहभागी होऊन केलेलं निरीक्षण' एवढं जोडा. पुढे वाक्यात 'सहभागातून निरीक्षण' म्हटलं तरी चालेल.

'सहभागी निरीक्षक' मात्र टाळा, अशी माझी आग्रहाची विनंती. मराठीत निरीक्षक म्हटला की पोलीस निरीक्षक आठवतो, नाहीतर परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारणारा. दोघंही चुका शोधायला आलेले. या पद्धतीचा सगळा रोख त्याच्या उलट आहे. 'अभ्यासक' हा शब्द आपल्याकडे आहेच.

पद्धतीचं नाव जोडलं जातं ते ब्रॉनिस्लाव मालिनोव्हस्की या पोलिश मानवशास्त्रज्ञाशी. पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1915 ते 1918 दरम्यान, न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर तो दोनदा दीर्घ मुक्कामाला होता. गावातच तंबू ठोकून राहिला, तिथली भाषा शिकला. 1922 साली त्याचं यावरचं पुस्तक आलं आणि मानवशास्त्राची रीतच बदलली. त्याआधी असं काही कुणी केलंच नव्हतं असं नाही, पण अधिकाऱ्याच्या नाहीतर मिशनऱ्याच्या व्हरांड्यात बसून, गावकऱ्यांना बोलावून घेऊन माहिती उतरवायची, हा प्रघात होता. गोव्यात सांगायचं तर भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, बाल्कांवात (घरापुढच्या बैठकीत) बसून त्याच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकारांचं जगणं लिहायचं.

आपल्याकडे इरावती कर्वे एका दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या. एकाच दिंडीत, एकाच विठ्ठलाचे अभंग म्हणत दिवसभर चाललेली माणसं जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळी बसतात, हे त्यांनी पाहिलं आणि ते त्यांना खुपलं. प्रश्नावली घेऊन रस्त्याकडेला उभं राहणाऱ्याला अभंग ऐकू आले असते. पंगती कशा पडतात हे कळायला त्या मुक्कामाचे जेवणकरी व्हावं लागतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तो मला जास्त मोलाचा वाटतो. मराठीत 'सहभागी होणे' आहे आणि 'सहभागी करून घेणे'ही आहे. अभ्यासक प्रकरणात लिहितो 'मी सहभागी झालो'. प्रत्यक्षात गावाने त्याला सहभागी करून घेतलेलं असतं आणि तेही गावाला वाटलं तेवढंच. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास 1948 मध्ये म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहिले. ते ब्राह्मण, म्हणून त्यांनी ब्राह्मणासारखंच वागावं अशी गावाची अपेक्षा होती. दलित वस्तीत त्यांचा तसा वावर झाला नाही आणि गाव आपल्याला वरच्या जातींच्या बाजूने दिसलं, हे त्यांनी मोकळेपणाने नोंदवलं आहे.

धालोचा मांड हे तर याचं उघड उदाहरण. पौषातल्या रात्री शेणाने सारवलेल्या मांडावर बायका समोरासमोर दोन रांगा धरतात, एकमेकींच्या कमरेला हातांची गुंफण करून वाकत पुढे येतात, मागे जातात. एक रांग ओळ म्हणते, दुसरी उचलते. पुरुष अभ्यासक असेल तर तो बाहेरचाच. तुम्ही बाई आहात म्हणून कडेला बसायला मिळालं, हेही गावाने दिलेलं स्थानच. रांगेत उभं राहिलात तर गाण्याची ओळ विसरली की शेजारणीचा हात कसा दाबला जातो, पाऊल चुकलं की अख्खी रांग कशी अडखळते, हे अंगाला कळतं. पण रांगेत असताना समोरच्या साठ वर्षांच्या बाईने ओळ बदलली ती मुद्दाम की चुकून, हे न्याहाळायला फुरसत नसते. म्हणजे एक जागा दुसरीची भरपाई करत नाही.

या फरकांसाठी अभ्यासकांनी पायऱ्याही पाडल्या आहेत. 1958 मध्ये समाजशास्त्रज्ञ रेमंड गोल्ड यांनी चार भूमिका मांडल्या: एका टोकाला पूर्ण सहभागी, दुसऱ्या टोकाला पूर्ण निरीक्षण करणारा, आणि मध्ये दोन, एकीत सहभागाचं पारडं जड, दुसरीत निरीक्षणाचं. समजा तुम्ही कडेला बसून पाहिलंत, अधूनमधून गाणं धरलंत, नंतर त्या बायकांच्या ओसरीवर बसून बोललात. हे सगळं या पद्धतीत बसतं. एकच रात्र जाऊन फोन समोर धरून चित्रण करून परत आल्या असतात, तर मी त्याला 'पाहणी'सुद्धा म्हटलं नसतं. पाहणी वेगळी, तिच्यात ठरलेले प्रश्न आणि घरं मोजणं येतं. त्याला 'भेट' म्हणावं.

तेव्हा प्रकरणात असं काही लिहा: 'धालोंच्या काळात मी गावात राहिले. मांडाच्या कडेला बसण्याची परवानगी मला थोरल्या बायकांनी दिली. शेवटच्या रात्री त्यांनी मला रांगेत घेतलं.' तुमच्या बाबतीत घडलं असेल तेवढंच ठेवा. 'दिली' आणि 'घेतलं' ही क्रियापदं मात्र गाळू नका, आणि तारखा वहीतून उतरवा.

त्या बायका विचारतील की तुम्ही नेमकं काय करताय, तर पुस्तकी शब्द कशाला हवा? कोकणीत 'तुमच्या वांगडा रावून शिकतां', म्हणजे तुमच्याबरोबर राहून शिकतेय, एवढंच म्हणा.